सुयेराची रजा

बायको बाळंत झाली तेव्हा माझी एकही रजा शिल्लक नव्हती. रात्रभर दशावतार पाहायचा आणि दुसऱ्या दिवशी झोपायचं, यात मी सगळ्या उडवल्या होत्या. आई नव्हती, सासू फोंडाघाटला हात मोडून बसलेली. धामापूरच्या घरात ओली बाळंतीण आणि धड दूध न ओढणारं पोर, आणि मी कट्टा गावच्या शाळेत भूगोल शिकवतोय. निघताना बायको म्हणाली होती, "माका जरा डोळो मिटूक गावलो असतो तर." तेवढंच दिवसभर कानात. खिडकीतून एसटी दिसली की जीव खालीवर. त्या तंद्रीत मी गोदावरी अरबी समुद्राला नेऊन मिळवली. एकाही पोराने हरकत घेतली नाही.

हेडमास्तर घाटावरचे, सोवळ्याओवळ्याचे कडक. रजा मागितली तर म्हणाले, "बाळंत तुम्ही झालात की त्या?" सगळे मास्तर हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार.

नवरात्र तोंडावर होतं. शाळेत सरस्वती बसायची आणि पूजेची तयारी माझ्या गळ्यात पडली. तेव्हा कुठे डोकं चाललं.

"सर, मला सुयेर आहे."

घरात मूल जन्मलं की काही दिवस देवाचं काही शिवायचं नाही, ते सुयेर. हेडमास्तर खुर्चीसकट मागे सरकले. "मग इथे काय करताय? फिटेपर्यंत शाळेत पाऊल टाकू नका. पगाराचं मी बघतो."

मिळेल त्या एसटीने घर गाठलं. दुपटी धुतली, पाणी तापवलं. न्हाऊ घालताना पोर हातातून असं निसटायला लागलं की त्याच्याआधी मीच घामाने न्हालो. पण बायको दुपारभर झोपली, आणि उठल्यावर पोर पहिल्यांदा पोटभर प्यालं.

एक गोष्ट मात्र मी साफ विसरलो होतो. सुयेर एकट्या बापाला नसतं, सगळ्या भावकीला असतं. आणि शाळेतले दोन मास्तर नि शिपाई माझ्याच भावकीतले. शिपाई संध्याकाळी घरापुढच्या खळ्यात येऊन म्हणाला, "बरो झालो रे तुझो झील. माझी कापणी रवली होती. आमीय सगळ्यांनी सुयेर सांगलाव."

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर दारात. "सरस्वती माझ्या घरी बसवतोय. शाळेत आता देव नाही. उद्यापासून सगळे हजर, तुम्हीसुद्धा."

तेवढ्यात आत पोर रडलं. बायको जागी होऊ नये म्हणून मी धावत जाऊन त्याला बाहेर आणलं. दोरीवरची दुपटी वाऱ्याने धुळीत पडत होती. "जरा धरा," म्हणून पोर मी सरळ हेडमास्तरांच्या हातात दिलं.

तापलेलं पातेलं धरावं तसे ते उभे. "मान... मान कशी धरायची?"

"सर, चार मुलं ना तुम्हाला?"

"तेव्हा मी शाळेत शिकवत असायचो," ते म्हणाले. मग आवाज उतरवून, "त्या?"

"झोपलीय."

बराच वेळ त्यांनी पोर परत दिलं नाही. "बाकीच्यांना उद्या पाठवा," शेवटी म्हणाले. "तुमचे तास मी घेतो."

मग आपण कोणाला शिवलोय ते त्यांच्या ध्यानात आलं. आमच्या विहिरीवर धोतरासकट आंघोळ करून ते तसेच ओलेते एसटीत चढले. गोदावरीचं सांगायचं राहूनच गेलं.