पाठीवरची पायना

जांदिराला लहानपणापासून सगळे एकच सांगत आले, बाई गं, जरा जागी हो. आई सांगायची, शाळेतल्या बाई सांगायच्या, आणि नदीकाठच्या ज्या हॉटेलात तिनं उभा जन्म चादरी धुण्यात आणि इस्त्री करण्यात घालवला, तिथला मुकादमही तेच सांगायचा. ती झोपलेली नसे. डोळे उघडे असत, हात चालू असत, फक्त ती स्वतः तिथे नसे. एकदा ती एका नवरदेवाचा सदरा इस्त्रीखाली अशी विसरली, की पाठीला भोक पडलं. वरून कोट होता म्हणून चर्चमध्ये कुणाला दिसलं नाही, पण वर्षभर गावाला तेवढाच विषय पुरला.

तरुणपणी ओतावियो नावाच्या एका नावाड्यानं तिला लग्नाचं विचारलं होतं. ती म्हणाली, विचार करून सांगते. विचार करायला बसली ती बसलीच. उत्तर घेऊन धक्क्यावर गेली तेव्हा ओतावियो कोरुंबा गावच्या एका मास्तरीणबाईंशी लग्न करून मोकळा झाला होता.

"उत्तर काय होतं तुझं?" धाकटी बहीण क्लेउझा पुढेही अधूनमधून विचारायची.

"हो असंच होतं बहुतेक," जांदिरा म्हणायची आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायची.

हॉटेल बंद पडलं तेव्हा जांदिरा साठीला आली होती. ती अकिदाउआना गावी क्लेउझाच्या घरी राहायला आली. क्लेउझाचा नवरा वारला होता, मुलं शहरात होती, आणि जीभ अजून तरतरीत होती. दोघी बहिणी ओसरीत बसून एकाच शिंगाच्या पेल्यातून टेरेरे, म्हणजे गार पाण्यात भिजवलेला पाल्याचा चहा, नळीनं ओढायच्या. क्लेउझा बोलायची, जांदिरा ऐकायची, किंवा ऐकतेय असं क्लेउझाला वाटायचं.

त्या वर्षी पाऊस लांबला आणि गावापलीकडचं माळरान पेटलं. आठवडेच्या आठवडे सूर्य तांबड्या बटणासारखा दिसायचा. दोरीवरच्या कपड्यांवर राख उतरायची, कॉफीत उतरायची, उशीवर उतरायची. गावाबाहेर एका जुन्या गोठ्यात रानातल्या जनावरांचं इस्पितळ होतं. त्यांनी चर्चमध्ये सांगावा धाडला की भाजलेली जनावरं फार येताहेत, जुन्या चादरी, टॉवेल, काय असेल ते द्या. क्लेउझानं गाठोडं बांधलं.

"देऊन ये आणि सरळ घरी ये. वाटेत ढगांशी गप्पा मारत बसू नकोस," तिनं बजावलं.

जांदिरा गेली. गाठोडं टेकवायला गोठ्याच्या मागे वळली, तर तिथे मळक्या फडक्यांचा डोंगर. धुलाईचं यंत्र बंद पडलेलं, आणि माणसं जनावरांमागे धावता धावता थकलेली. जांदिरानं बाह्या वर केल्या. दिवस कलता कलता इस्पितळाची गाडी चालवणारा एव्हाल्दो तिकडून चालला होता. त्याला दिसलं, सगळ्या अंगणात पांढऱ्या चादरी हलताहेत आणि मधे एक बाई उभी आहे.

"मावशी, तुम्ही कोण?"

"मी चादरी द्यायला आले होते."

"कधी?"

"सकाळी."

एव्हाल्दो हसला. "मग आता मी घरी सोडतो, उद्या पुन्हा या."

असं तिचं तिथलं काम सुरू झालं. रोज सकाळी एव्हाल्दो तिला गाडीत घ्यायचा, संध्याकाळी सोडायचा. इस्पितळ डॉक्टर मायरा चालवायची. ती तिशीतली, काटक, आणि तिला जेवायलाही उसंत नसायची. जांदिराला जनावरांजवळ जायची हौस नव्हती. पंख बांधलेले करकोचे, पायाला मलम लावलेलं हरीण, पिंपात बसवलेलं कासव, सगळी ती लांबूनच पाहायची आणि आपल्या हौदाकडे परतायची.

मग एका दुपारी एव्हाल्दो गाडीतून एक पेटी घेऊन उतरला, आणि नेहमीसारखी थट्टा न करता सरळ आत गेला. जळक्या गवतात मुंगीखाऊची एक मादी सापडली होती. त्या रानात हे जनावर कुत्र्याहून मोठं वाढतं. नळीसारखं लांब तोंड, झाडूसारखी झुपकेदार शेपूट. आई मेली होती. तिच्या पाठीवरच्या केसांत मात्र एक पिल्लू जिवंत होतं, आणि त्याला तिच्यापासून सोडवताना एव्हाल्दोच्या हातांवर ओरखडे उठले होते.

पिल्लू दुधाला तोंड लावेना. बारीक शीळ घातल्यासारखं सारखं रडे. ही पिल्लं कित्येक महिने आईची पाठ सोडत नाहीत. म्हणून डॉक्टर मायरानं त्याला पाठीवर घेतलं, पण तिची चाल म्हणजे धावपळ. चार पावलांत पिल्लू घसरायचं आणि पुन्हा शीळ. एव्हाल्दोला तर ते हातही लावू देईना. दोन दिवस असे गेले. डॉक्टरच्या डोळ्यांखाली काळं आलं.

जांदिरा कोरड्या टॉवेलांच्या घड्या करत जमिनीवर बसली होती. पिल्लाचं वजन घ्यायचं म्हणून डॉक्टरनं क्षणभर त्याला त्या ढिगावर ठेवलं आणि काटा आणायला वळली. जांदिराची पाठ तिकडे होती. तिला एवढंच कळलं, की मागून कुणीतरी झंपर धरला, मग खांदा धरला, आणि एक उबदार वजन हळूहळू वर सरकत मानेपाशी येऊन थांबलं. नखं टोचत होती. कानामागे लांब, ओलं नाक लागलं.

"हलू नका," डॉक्टर दारातून कुजबुजली.

"मी कुठे हलतेय?" जांदिरा म्हणाली.

"खरंय," एव्हाल्दो पुटपुटला, "यांना कधी हलताना पाहिलंय कुणी?"

पिल्लू झोपलं. जांदिरा तशीच बसून राहिली, आणि बसल्या बसल्या तिचाही डोळा लागला. जाग आली तेव्हा डॉक्टर तिच्या खांद्याशी दुधाची वाटी धरून बसली होती. गांडुळासारखी गुलाबी, न संपणारी जीभ वाटीत आत-बाहेर चालली होती. पोर मादी होती. मऊ, राखाडी, फुललेली, म्हणून सगळे तिला पायना म्हणू लागले. त्यांच्या बोलीत सावरीच्या कापसाला पायना म्हणतात.

त्या दिवसापासून जांदिरा कपडे धुवायची तीही पायनाला पाठीवर घेऊनच. कुठल्याही आवाजानं दचकायचं नाही, कुठे घाईनं वळायचं नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. पहिल्यांदाच कुणी तिला लवकर कर म्हणत नव्हतं. उलट डॉक्टर म्हणायची, "अजून हळू, जांदिराबाई. तिची आई याहून हळू चालत असेल."

गावाला मात्र करमणूक झाली. एकदा एव्हाल्दोनं दोघींना तशाच घेऊन बाजारपेठेतून गाडी नेली, तर शीपा, म्हणजे चीजचे छोटे पाव, भाजणारी बाई दुकानातून ओरडली, "अगं जांदिरा, पाठीला झाडू बांधलायस की नवरा सापडला?"

क्लेउझाला वेगळीच तक्रार होती. "अंगाला कसला वास येतोय हा? ओलं कुत्रं आणि सडका कांदा! आजपासून तुझी उशी वेगळी." पण रोज सकाळी जांदिरा निघताना खांद्यावर नखं लागू नयेत म्हणून जाड गोणपाटाचा एक तुकडा तिच्या झंपराला आतून शिवलेला असायचा. तो कोण शिवतं, यावर दोघी कधी बोलल्या नाहीत.

पावसानंतर माळ पुन्हा हिरवा झाला. डॉक्टर म्हणाली, आता हिला बाहेर न्यायला हवं. वारुळं कुठली, मुंग्या कुठल्या, हे हिला आई दाखवणार होती. आता तुम्ही दाखवा.

मग त्या दुपारी सुरू झाल्या. जेवणं उरकून सगळं इस्पितळ सुस्तावलं, की जांदिरा पायनाला घेऊन मागच्या फाटकातून बाहेर पडायची. गुडघाभर गवत, मधूनमधून वाकड्या खोडांची झाडं, तांबड्या मातीची वारुळं. ऊन असं पडलेलं असायचं की लांबची झाडं पाण्यात उभी असल्यासारखी वाटायची. जांदिरा एखाद्या वारुळापाशी वाकायची, काठीनं ते थोडं उकरायची आणि थांबायची. पायना खाली उतरायची, हुंगायची, दोनदा जीभ लावायची, पुन्हा पाठीवर. मग पुढचं वारूळ. चालता चालता आपण चालतोय की माळच खालून सरकतोय, हे जांदिराला कळेनासं व्हायचं. मानेवरच्या श्वासाला तिचा श्वास जुळायचा. कधी तिला वाटायचं, आपल्यालाही एक मोठी शेपूट आहे आणि ती मागे गवतावरून सळसळत येतेय. एकदा तर तिनं वळूनही पाहिलं.

थकली की ती पिवळ्या इपेच्या झाडाखाली कुशीवर कलंडायची. पायना तिच्या कमरेशी गोल होऊन स्वतःचीच शेपूट पांघरून घ्यायची. वरून पिवळी फुलं पडत राहायची, एक तिच्यावर, एक हिच्यावर.

अशाच एका दुपारी तिला स्वप्न पडलं, की ती नदीतून उभीच्या उभी वाहत चाललीय आणि काठावर सगळी माणसं हळू आवाजात बोलताहेत. जाग आली. कूस रिकामी होती.

तिनं पाठ चाचपली. झाडामागे पाहिलं. "पायना!" अशी हाक मारली, आणि मग आठवलं की तिला हाक कळत नाही. त्या माळावर जग्वार होते, मोकाट कुत्री होती. लहानपणापासून जे जे तिच्या हातून हरवलं होतं, ते सगळं तिला एकदम दिसलं. छत्र्या, किल्ल्या, बसगाड्या, ओतावियो. ती पळत सुटली. साठ वर्षांत जांदिरा पळालेली कुणी पाहिली नव्हती, आणि तेव्हाही पाहायला कुणी नव्हतं.

टेकाडापलीकडे तिला काळी-राखाडी शेपूट दिसली. पायना मागच्या पायांवर उभी होती, पुढची नखं वारुळात खुपसलेली. कडक माती तिनं एकटीनं फोडली होती. सोंडेसारखं तोंड आत घालून ती जेवत होती. जांदिरा जवळ गेली तरी तिनं मान वळवली नाही.

जांदिरा धापा टाकत खाली बसली. रडत होती की हसत होती, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी तिनं डॉक्टरला सगळं जसंच्या तसं सांगितलं. "मला झोप लागली. मी तिला हरवली होती."

"आई जागी असती तर पायनानं ते वारूळ स्वतः फोडलं नसतं," डॉक्टर म्हणाली. "पण पुन्हा असं झोपू नका हं. माझा जीव जाईल."

पायना वाढत गेली. आधी खांदे दुखू लागले, मग कंबर, आणि मग एक दिवस असा आला की ती पाठीवर चढली आणि दोघी गवतात आडव्या झाल्या. त्यानंतर ती शेजारून चालू लागली.

वर्ष उलटून गेल्यावर डॉक्टरनं जांदिराला बाकावर शेजारी बसवलं. "आता तिला माणसाची सवय राहता कामा नये. रस्त्यावर माणूस दिसला आणि ती जवळ गेली, तर मरेल. तुम्ही तिच्यासमोर जायचं नाही. आम्ही कुणीच नाही जायचं."

जांदिरा उत्तर द्यायला वेळ लावते हे आता सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टर थांबली. अंगणातल्या कोंबड्या एका सावलीतून दुसऱ्या सावलीत गेल्या.

"बरं," जांदिरा म्हणाली.

ती हौदाकडे परतली. माळाच्या टोकाशी पायनासाठी मोठं कुंपण घातलं. काही महिन्यांनी त्याचं दार उघडं ठेवलं. तिच्या अंगावर एक पट्टा बांधला होता. त्यातून ती कुठे फिरतेय ते कळायचं. एव्हाल्दो सकाळी गाडीत बातमी द्यायचा. "काल ओढ्यापर्यंत गेली." "काल परतलीच नाही, ताडांच्या बनात झोपली." जांदिरा खिडकीतून ताडांच्या बनाकडे बघायची. घरी मात्र ती पाठ मोकळी ठेवून पालथी झोपू लागली होती. क्लेउझानं ते पाहिलं आणि तिच्या पाठीवर एक जाड गोधडी टाकली.

त्या हिवाळ्यात, तिकडे नेहमी येतो तसा, दक्षिणेकडून गारठा आला आणि सकाळचं धुकं उतरलं. जांदिरा चादरी वाळत घालत होती. पांढऱ्या धुक्यात पांढऱ्या चादरी, त्यामुळे अंगण कुठे संपतं आणि माळ कुठे सुरू होतो ते दिसत नव्हतं. तेवढ्यात एक चादर खालून हलली. वारा नव्हता.

तिच्याखालून आधी ते लांब तोंड आलं, जमीन हुंगत. मग खांद्यावरच्या केसांचा काळा पट्टा, मग सगळं अंग. पायना पुरी वाढली होती. अंगावरच्या केसांत दंवाचे थेंब होते. दोन दोऱ्यांच्या मधून ती डुलत डुलत सरळ जांदिराकडे आली. जांदिराच्या दातांत कपड्याचा चिमटा होता. तो तिनं काढला नाही.

पायनानं तिच्या चपला हुंगल्या. साबण, ओलं कापड, चिखल. नाक क्षणभर पायाच्या बोटांवर थांबलं, थंडगार. मग तिनं जोरात फुंकर सोडली, तोंड फिरवलं आणि चालू लागली. शेपटीचे केस जांदिराच्या पोटऱ्यांवरून गेले. पुढच्या चादरीखालून ती धुक्यात शिरली, आणि चादर पुन्हा सरळ झाली.

त्या संध्याकाळी जांदिरानं ओसरीत बसून बहिणीला हे सांगितलं. एवढं एका दमात ती आयुष्यात बोलली नव्हती.

"म्हणजे ओळखलंच नाही?" क्लेउझा उसळली. "एवढी पाठ मोडून घेतलीस! मेली कृतघ्न!"

"अगं, तसं नाही." जांदिरा हसत होती, आणि डोळे भरले होते. "माणूस आहे हे कळलं तिला. म्हणून निघून गेली. अशीच निघून जायला हवी ना गं."

क्लेउझानं पेल्यात पाणी ओतलं, ओढलं, पुन्हा ओतून बहिणीकडे दिला. "त्या मोठ्या चादरी एकटीच पिळतेस?"

"हो."

"त्याला दोन माणसं लागतात. उद्या मीही येते. पण त्या एव्हाल्दोला सांग, गाडी नीट चालव म्हणावं."

आणि क्लेउझा खरंच येऊ लागली. तिनं पहिल्याच दिवशी हौदाची जागा चुकीची आहे असं जाहीर केलं, डॉक्टरला वेळेवर जेवायला बसवलं, आणि करकोच्यांनाही दोन शब्द सुनावले.

वसंतात एव्हाल्दोनं माळावरून पायनाचा पट्टा आणला. त्याची वीण ठराविक मुदतीनं झिजून तो आपोआप गळून पडावा, अशीच त्याची रचना होती. तो चिखलानं माखला होता, आणि दुसऱ्या एका तरुण मुंगीखाऊला तो बांधायचा होता, म्हणून धुवायला आला. बक्कलमध्ये राखाडी केस अडकले होते. जांदिरानं ते काढले, पट्टा ब्रशनं घासला आणि दोरीवर टाकला.

"मग आता ती कुठे आहे ते कळणार कसं?" क्लेउझानं विचारलं.

"नाही कळणार," जांदिरा म्हणाली. कुणी एखादी आनंदाची बातमी द्यावी, तशा आवाजात.