साखराबाईचा भज्यांचा गाडा

वीस वर्षं ऊस तोडून कंबर गेली, तेव्हा साखराबाईने धारूरच्या बाजारात भज्यांचा गाडा लावला. पहिल्या बाजाराला तिने नवऱ्याच्या आवडीची झणझणीत मिरचीभजीच तेवढी तळली. गिऱ्हाइकं डोळे पुसत निघून गेली. आता पुन्हा कोयता हाती येणार, अशी धास्ती तिला वाटली.

जाता जाता एक म्हातारी म्हणाली, "लई तिखट हाय बाई. मला दात न्हाईत, वांग्याचं मऊ भजं कर की!"

"वांग्याचं कुठं भजं असतंय व्हय?" तिचा नवरा आप्पाराव कुरकुरला.

पुढच्या बाजाराला साखराबाईने वांगं, बटाटा, कांदा, मिरची सगळंच तळलं. दुपारीच पीठ संपलं. ऊसतोड टोळीचा मुकादम यंदा तोडीला येणार का, असं विचारायला आला, तर ती म्हणाली, "औंदा आमी येत न्हाई." तो गेल्यावर ती गाड्याला टेकून बसली. तिला लई हायसं वाटलं.