ओळखीची पाठ

"सर, तुमी आधी बघा. मग बोला."

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई हे वाक्य मला उठता-बसता ऐकवायच्या. मी त्याच शाळेत, बोईसरला, मराठी शिकवायचो. बोलणं हाच माझा धंदा. समोर काय आहे ते बघत बसलो तर पाठ कधी संपायचा, अशी माझी समजूत. बाई नेमक्या उलट. बोलताना एक डोळा बारीक करून, मान कलती करून समोरच्याला न्याहाळायच्या. नव्या माणसाला वाटायचं, आपल्या नाकावर काहीतरी बसलंय.

बाई मूळच्या केळव्याकडच्या. वडिलांची पानवेलीची वाडी. वर्गात त्या शुद्ध बोलायच्या, पण आपल्या माणसांत आल्या की 'हाय-नाय' सुरू. माझ्याशी त्या 'हाय-नाय' करतात, याचा मला उगीचच अभिमान होता.

एकदा त्यांनी नववीच्या मुलींना आरशात बघून स्वतःचं चित्र काढायला सांगितलं. एकीने स्वतःला आखूड केस काढले, अंगात मुलांसारखा शर्ट रंगवला आणि ओठांवर मिशीची पुसट रेघही काढली. वर्गशिक्षक म्हणून माझं कर्तव्य जागं झालं. चित्र घेऊन तरातरा बाईंकडे गेलो.

"बाई, मुलीला मिशी?"

बाईंनी डोळा बारीक केला. आधी चित्र पाहिलं, मग मला.

"तुमाला हाय ना? मग तिला आवडली तर तुमची काय कमी होनार हाय?"

मी मिशीवरून हात फिरवला. कमी काही झाली नव्हती. त्यानंतर ती मुलगी चित्रकलेचा तास कधी चुकवेना. माझा मात्र चुकवायची.

पुढे बाईंनी एक भलतंच काम हाती घेतलं. हाड मोडल्यावर डॉक्टर बांधतात तसल्या प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या त्या बायकांच्या अंगावर बसवायच्या आणि सुकल्या की अलगद सोडवायच्या. कुणाचा खांदा, कुणाचं पोट, कुणाचे गुडघे. सालवडच्या कारखान्यात जाणाऱ्या बायका रविवारी त्यांच्या खोलीवर यायच्या, किनाऱ्यावरच्या मासळीवाल्या यायच्या. हे सगळं पालघरच्या एका सभागृहात मांडायचं ठरलं आणि बाईंनी उद्घाटनाला मला बोलावलं.

"मीच का?" मी नम्रपणे विचारलं. उत्तरात थोडं कौतुक येईल अशी आशा होती.

"हॉलवाले बिचकतायत. म्हनतात, बायकांच्या अंगाचं प्रदर्शन कसलं? तुमच्यासारखा सभ्य मानूस दिसला की गप बसतील."

मी आठवडाभर भाषण घोटलं. त्यात वात्सल्य होतं, त्याग होता, पणती होती. बायकोला म्हटलं, "ऐकतेस का?" ती म्हणाली, "तिथंच ऐकते की." हल्ली ती रविवारी दुपारी घरात नसायची. भजनाला जात असेल, असं मी समजून होतो. विचारलं मात्र कधी नव्हतं.

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृहात शिरलो आणि नजर कुठे ठेवावी ते कळेना. भिंतीभर पांढरी शरीरं. टोपलीच्या ओझ्यानं दबलेली मान. ऑपरेशननंतर एकाच बाजूनं उरलेली छाती. सुरकुतलेली पोटं. मी सभागृहातल्या पंख्यांचा फार बारकाईने अभ्यास केला. एका गळ्यापाशी थबकलो. गळ्यात मण्यांची माळ आणि वर पुरुषासारखी कंठाची घाटी, चांगली ठसठशीत.

"मेरा है, सर," शेजारून आवाज आला. बोईसर स्टेशनाबाहेर टाळ्या वाजवत दुकानं फिरणारी ती उंच साडीवाली. "अच्छा है ना?"

"फारच अच्छा," मी म्हणालो. आयुष्यातली माझी सगळ्यात आखूड समीक्षा.

मग माईक हातात आला आणि मी पुन्हा माणसात आलो. माझ्यामागे एक पाठ टांगलेली होती. मी वळून तिच्याकडे बोट केलं.

"ही बघा एका अनामिक कष्टकरी स्त्रीची पाठ! वाकलेली, सोसलेली. हिच्या घरच्यांनी या पाठीकडे कधी डोळे उघडून पाहिलं तरी असेल का?"

बायकांत खसखस पिकली. मला वाटलं, भाषण रंगतंय. मी आवाज चढवला. "मी विचारतो, कोण आहे हिचा नवरा?"

आता सगळं सभागृह हसू लागलं. पुढच्या रांगेत माझी बायको पदरात तोंड लपवून गदगदत होती. हसतेय की रडतेय ते कळेना. शेवटी ती उठली आणि हळूच म्हणाली, "अहो, पुरे. ती माझी आहे."

हातातला माईक सुरूच होता. तो तसाच धरून मी वळलो.

मी त्या पाठीजवळ गेलो. एवढ्या वर्षांच्या संसारात मी ती इतक्या जवळून पाहिलीच नव्हती. खांद्यावर आतल्या चोळीच्या पट्ट्यानं पडलेली खोबण. मणक्याचा किंचित डावीकडे झुकलेला बाक. आणि त्याच्याजवळ एक लांबट जुना व्रण. तो कसला, मला माहीत नव्हतं. बाई शेजारी येऊन उभ्या होत्या. त्यांनी चेष्टा केली नाही. नुसता माझ्या हातातला माईक काढून घेतला.

परतताना रिक्षात मी विचारलं, "तो व्रण कसला गं?"

"लहानपणचा. नागपंचमीला झोक्यावरून पडले होते." मग म्हणाली, "आता विचारताय होय!" तिनं तोंड बाहेर वळवलं, पण माझा हात सोडला नाही.

प्रदर्शनाची बातमी शाळेच्या संस्थाचालकांपर्यंत पोचली. शिक्षिकेला हे शोभत नाही, असं ठरलं. मी मुख्याध्यापकांकडे जाऊन बाईंची बाजू अत्यंत प्रभावीपणे मांडली. माझ्या प्रभावी बोलण्यानं आजवर जे होत आलं तेच झालं. बाईंनी माफी लिहून द्यायला नकार दिला आणि राजीनामा दिला.

"तुमी वाईट वाटून घेऊ नका," उलट त्याच मला समजावत होत्या. "नाशिकवाल्यांनी हे सगळं मांडायला बोलावलं हाय. तितून पुढं कुटं कुटं. या बायकांनी बोईसर सोडून काय बघितलंय?"

निघाल्या त्या सकाळी मी आणि बायको सामान चढवायला गेलो. टेम्पोत भाताचा पेंढा पसरला होता. एकेक खांदा, एकेक पोट त्यात निजवलं. बायकोची पाठ मीच आत नेऊन ठेवली. ठेवताना बायको म्हणाली, "नीट. ती जाऊ दे, फिरू दे."

बाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या नाहीत. मागेच, पेंढ्यात फतकल मारून बसल्या. चपला काढून ठेवलेल्या, साडीचा पदर खोचलेला, दोन्ही हातांनी शक्य तेवढी शरीरं कवेत धरलेली. टेम्पोला पहिलाच हिसका बसला तशा त्या ओरडल्या,

"हळू हाक रे! आत बायका हायेत."