वाईच्या बाईंनी न सांगितलेलं

वाईच्या बाईंनी कुठल्याही आईबापाजवळ त्यांच्या मुलाची तक्रार कधी केली नाही. एका पोराने शाळेच्या खिडकीची काच फोडली, तर त्याच्या आईला म्हणाल्या, "नेम चांगला आहे हो त्याचा." माहेर वाईचं, म्हणून आमच्या तासगावकडच्या गावाने त्यांना वाईच्या बाई करून टाकलं. मधली काही वर्षं बदली झाली तेवढी सोडली, तर त्यांची सगळी नोकरी आमच्याच शाळेत, पहिली-दुसरीच्या वर्गावर गेली.

मीही त्यांच्याच पहिलीत बसलो. मला 'ळ' काढता येत नव्हता. दोन वाटोळी एकमेकांत अडकून जायची. बाईंनी मला नळाजवळच्या ओल्या मातीत बसवलं आणि माझं बोट धरून आठवडाभर एकच अक्षर गिरवून घेतलं. घरी मात्र सांगितलं, "पोरगा मेहनती आहे." मेहनत त्यांची होती.

ऑक्टोबरात द्राक्षबागांची छाटणी सुरू झाली, की बाई आम्हाला बागेतल्या काड्या गोळा करून आणायला सांगायच्या. दहा काड्यांची सुतळीने बांधलेली जुडी म्हणजे दशक, उरलेल्या सुट्या म्हणजे एकक. दुसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी याच काड्यांवर यायची. सुट्या काड्या कमी पडल्या की पोरं रडकुंडीला येत. बाई म्हणत, "रडतोस कशाला? शेजारची जुडी सोड." वर्गभर सुतळ्या सुटत आणि गणित सुटे. माझी मुलगी अनू त्यांच्या वर्गात गेली, तेव्हाही हेच चाललं होतं. छाटणीच्या कामातून मी मुद्दाम तिच्यासाठी सरळ काड्या निवडून ठेवायचो.

अनू पहिली संपवत होती, तेव्हा गावात इंग्रजी शाळेची पिवळी गाडी यायला लागली होती. आमच्या शाळेतली मुलं एकेक करून त्या गाडीत बसू लागली. मीही फॉर्म आणला. पण भरायच्या आधी बाईंकडे गेलो.

"बाई, खरं सांगा. अनूचं कसं हाय? हितं ठेवू का काढू?"

बाईंनी माझ्याकडे नीट बघून सांगितलं, "पहिलीचं अख्खं पुस्तक घडाघडा वाचते. मी असताना कशाला काळजी करतोस?"

मी फॉर्म फाडला. माझ्या चुलतभावालाही समजावलं. त्यानेही आपली दोन्ही मुलं याच शाळेत ठेवली. अनू रोज संध्याकाळी ओळीखाली बोट धरून धडा वाचायची, कुठे अडखळायची नाही. मी तिकडे बघत औषधाचा पंप धुवायचो आणि मनात बाईंना हात जोडायचो.

यंदा ती तिसरीत गेली. तिसरीला नवे सर आले आहेत, तरुण, कमी बोलणारे. छाटणी ऐन भरात असताना त्यांनी मला शाळेत बोलावलं.

"अनूला वाचता येत नाही," सर म्हणाले.

मला राग आला. "सर, तुमी नवीन आलाय. पोरगी रोज माझ्यासमोर वाचती."

सरांनी वाद घातला नाही. दुसरीचं पुस्तक उघडून तिच्यापुढे ठेवलं. अनूने पहिल्या ओळीपासून पाठ झाल्यासारखा धडा म्हटला. मग सरांनी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. "हा कुठला शब्द?"

अनूने पुन्हा पहिल्या ओळीवर बोट नेलं. ओठातल्या ओठात धडा म्हणत, शब्दामागून शब्द मोजत ती त्या शब्दापर्यंत आली आणि म्हणाली, "झाड." शब्द बरोबर होता. सरांनी पुढच्या पानावरच्या शब्दावर बोट ठेवलं, तशी ती परत पहिल्या ओळीकडे निघाली. मला तिच्याकडे बघवेना.

पुढे सांगलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की मुलगी हुशार आहे. अक्षर ओळखण्यातच तिला अडचण आहे, वेगळ्या पद्धतीने शिकवावं लागेल, आणि दोन वर्षं आधी आणली असती तर सोपं गेलं असतं. पण त्याआधी, शाळेतून घरी येतानाच, मी तिला विचारलं होतं, "अनू, बाईंना म्हाईत होतं?"

"व्हय. बाई म्हणल्या, घरी सांगू नगो. आपल्या दोघींचं गुपित हाय."

सात वर्षांची पोर हे पोटात ठेवून रोज माझ्यासमोर वाचत होती.

मी तसाच बाईंच्या खोलीवर गेलो. महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या. सामान बांधणं चाललं होतं.

"बाई, तुमाला कवा कळलं?"

कशाबद्दल, हे त्यांनी विचारलं नाही. "पहिलीतच. दिवाळीच्या आधी."

"आन मी विचारलं तवा?"

"तू फॉर्म घेऊन आला होतास. तू तिला काढली असतीस, तर तुझ्या मागून आणखी चार गेली असती. शाळा बंद पडली असती. म्हटलं, शाळा सुटल्यावर रोज तासभर घेऊन बसेन, होईल हळूहळू. थोडे दिवस बसवलंही. मग राहून गेलं."

"माझं बोट आठवडाभर धरलं होतं तुमी."

बाईंनी हातातल्या साडीची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

निरोप समारंभाला जुना विद्यार्थी म्हणून मला बोलायला उभं केलं. "मला बाईंनी वाचायला शिकवलं," एवढंच म्हणून मी खाली बसलो. लोकांना वाटलं, माझा गळा दाटून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आमच्या दारात आल्या. माझ्याकडे न बघता त्या अनूपुढे खाली बसल्या. "तुला येत नव्हतं हे मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. खोटं मी बोलले, तू नाहीस. ते गुपित आता संपलं."

अनूने जरा विचार केला. "मग आता वर्गात सगळ्यांना सांगू?"

"सांग."

अनू त्यांच्या पाया पडली. मी पडलो नाही. माझी बायको चहा ठेवायला आत गेली होती, तोवर बाई उठल्याही. दोन जड पिशव्या घेऊन त्या एसटीच्या थांब्याकडे चालू लागल्या. या गावात बाईंच्या हातात कुणी पिशवी राहू देत नसे. मी ओट्यावर उभा राहून त्या वळेपर्यंत बघत राहिलो, आणि माझे पाय हलले नाहीत.

आता रविवारी वाईहून बाईंचा फोन येतो. मी उचलत नाही. अनू उचलते, आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, "जोडाक्षराला अजून लय अडतंय, बाई."