पश्चिमेच्या भिंतीचं झाड

कूलरचं गवत बदलायला येणाऱ्या चाचांचं नाव मी कधीच विचारलं नाही. पूर्वी होळी झाली की ते छावणीतून सायकलवर यायचे, मागे गवताचं गाठोडं बांधून. आता शिवरात्रीच्या आधीच बोलवावं लागतं. जाळीत मूठमूठ गवत भरताना मध्येच ते नाकाशी धरतात.

"ह्याला वाळ्याचा वास नाय, ताई. आमच्या नाल्याच्या काठानं लई वाळा व्हायचा. आता तिथं प्लॉट पडलेत."

पंप तपासायला बादलीभर पाणी लागायचं. तपासून झालं की तेच पाणी काढून चाचा आमच्या पश्चिमेच्या भिंतीलगतच्या कडुलिंबाला घालायचे. झाड त्यांनीच लावलेलं, तसं प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घराशी एक. दुष्काळात नळाला आठवड्यानं पाणी यायचं, तेव्हाही दटावून जायचे, "भांडी विसळलेलं पाणी ह्यालाच घाला."

"चाचा, सावली वाढली तर कूलर कोण लावणार?" मी विचारायचे.

"नका लावू की. मी नुसता चहाला येत जाईन."

यंदा गाडी लावायला जागा हवी म्हणून आम्ही ते झाड तोडलं. चाचांना सांगायचं माझ्या जिवावर आलं. त्यांनी गवत भरलं, पंप तपासला आणि सवयीनं बादली उचलून भिंतीकडे गेले. पाणी ओतल्याचा आवाज काही आला नाही. बऱ्याच वेळानं भरली बादली तशीच परत आणून त्यांनी माझ्या दाराशी ठेवली.

"फरशी पुसायला होईल," म्हणाले.

चहाला थांबले नाहीत.