नंदूभाऊंचं घड्याळ आणि माझी पारख

चहा गरम आहे तोवर सांगून टाकतो, नाहीतर माझा धीर जाईल. आठ लाखांचं घड्याळ मी एकदा करोल बागेतल्या एका दुकानदाराच्या काउंटरवर ठेवलं आणि "हे नकली आहे, बदलून द्या" म्हणून त्याच्याशी अर्धा तास भांडलो. हो, मीच. नोएडाच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर असलेला मी.

आमच्याकडे पंपांचे सुटे भाग बनतात आणि माझी सही झाल्याशिवाय त्यातला एकही गेटबाहेर पडत नाही. ही सवय मग घरीही येते. मी भेंडी मोडून बघतो, दुधात बोट बुडवून बघतो. माझ्या लग्नाच्या वेळी मी मुलगी सोडून मांडवाचे खांब तपासत होतो असं आमची वैशाली सगळ्यांना सांगते, आणि ते फारसं खोटं नाही.

तर घड्याळ. ते माझ्या साडूंचं. नंदूभाऊ, म्हणजे वैशालीच्या थोरल्या बहिणीचे यजमान, गुडगावला एका मोठ्या कंपनीत आहेत. नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या पहिल्या साहेबाच्या हातात त्यांनी ते स्विस घड्याळ पाहिलं होतं. तेव्हापासून मनात धरून बसलेला हा माणूस. घर झालं, मुलींची शिक्षणं झाली, मुली आपापल्या वाटेला लागल्या, आणि मग तीस वर्षांनी ते शोरूममध्ये गेले. मला दाखवायला आणलं तेव्हा त्यांनी ते हातात दिलं नाही, माझ्या तळहातावर ठेवलं. "श्रीकांतराव, तीस वर्षं," एवढंच म्हणाले.

खरं सांगतो, मी थक्क झालो. पण साडूचं कौतुक मनापासून करायला माणसाला फार मोठं मन लागतं, आणि ते माझ्याकडे त्या दिवशी नव्हतं. पुढच्याच शनिवारी मी करोल बागेत होतो.

एका अरुंद गल्लीत खन्नाजी नावाचे म्हातारे गृहस्थ बसतात. त्यांनी खणातून काढून हुबेहूब तेच घड्याळ माझ्यापुढे ठेवलं. "फर्स्ट कॉपी है साहब। असली का मालिक भी धोखा खा जाए।" बावीसशे रुपये. मी घरी येऊन वैशालीला सांगितलं की ऑफिसातल्या एकाचा भाऊ दुबईला असतो, त्याचं वापरलेलं आहे, अस्सल आहे, म्हणून स्वस्तात पडलं. ती "अच्छा" म्हणाली. दिल्लीत इतकी वर्षं काढल्यावर आमच्या घरात "अच्छा"चे बरेच अर्थ आहेत. मी त्यातला सोयीचा घेतला.

आठ दिवस मी ते हातातून उतरवलं नाही. कोपर खिडकीबाहेर काढून गाडी चालवली. ते घालून बाल्कनी धुतली, कूलरची टाकी घासली. घड्याळाकडे मी स्वतः फारसं बघितलं नाही, कारण असलं घड्याळ आपण बघायला घालतच नाही. लोकांनी बघावं म्हणून घालतो. ही गोष्ट पुढे मला फार महागात पडली.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे ती साग्रसंगीत असते. पाटावर वैशालीची कात्री, विळी, माझं मापं घ्यायचं व्हर्नियर, गाडीच्या किल्ल्या, लॅपटॉप, सगळी आयुधं मांडायची, हळदकुंकू लावायचं, फुलं वाहायची. नंदूभाऊ आणि ताई सकाळीच आले होते. नंदूभाऊंनी गमतीने मनगटावरचं घड्याळ काढलं. "आमचं हत्यार एवढंच," म्हणाले. लगेच वैशाली माझ्याकडे वळली, "मग तुमचंही द्या." मी दिलं. नंदूभाऊ दोन्हीकडे बघून खूश झाले. "अरे वा, जुळे आहेत की!"

पूजा झाली. पाट झेंडूने पिवळाधमक झाला होता, मधे कुठेतरी एक लाल गुलाबही होता. नंदूभाऊंना दुपारच्या विमानाने बंगळुरूला जायचं होतं म्हणून त्यांनी घड्याळाकडे हात नेला, तशी वैशालीने ताट आडवं धरलं.

"भाऊजी, पूजेला लावलेलं दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही."

"अगं, मीटिंगला जायचंय."

"वेळ फोनवर बघा."

ताईंनीही मान डोलावली. ताई आमच्याकडेच राहणार होत्या. तेव्हा नंदूभाऊ म्हणाले, "ठीक आहे, परवा परत आलो की हिला आणि घड्याळाला एकदमच घेऊन जातो. श्रीकांतराव, तुमच्या भरवशावर." आणि मोकळं मनगट चोळत निघून गेले. गाडीत बसेपर्यंत त्यांनी दोनदा तरी त्या मनगटावर वेळ बघितली असेल.

दसऱ्याला सकाळी सगळ्यांच्या आधी उठलो. मनात एकच धास्ती होती, हळदीचं पाणी नंदूभाऊंच्या घड्याळात गेलं तर? भराभर निर्माल्य उचलून पिशवीत भरलं, दोन्ही घड्याळं मऊ फडक्याने पुसली, टॉवेलवर शेजारी शेजारी ठेवली. आणि मग माझ्या लक्षात आलं, की यातलं त्यांचं कुठलं?

हसू नका. तुम्हीही ओळखलं नसतं.

वैशालीला विचारता आलं असतं. मांडणी तिनेच केली होती. पण काय विचारू? "यातलं नकली कुठलं गं?" म्हणजे दुबईचा भाऊ त्याच क्षणी संपला. शिवाय सत्तावीस वर्षांचा क्वालिटीवाला बायकोला विचारणार?

मी दार लावून तपासणी सुरू केली. व्हर्नियर लावलं, जाडी तीच. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, वजन तेच. भिंगातून अक्षरं पाहिली, सारखीच. खन्नाजींच्या मालाबद्दल मला आदर वाटायला लागला. मग सेकंदकाट्याकडे लक्ष गेलं. एकाचा काटा टक, टक, टक, शिस्तीत पावलं टाकत होता. दुसऱ्याचा नुसता घसरत चालला होता, थांबतच नव्हता. फोनशी वेळ जुळवून पाहिली. टकटकवालं अगदी सेकंदाला सेकंद बरोबर. घसरणारं सहा सेकंद मागे.

झालं. निदान करायला मला याहून जास्त काय हवं? जे अचूक ते स्विस, जे मागे ते करोल बाग. तरी घाई नको म्हणून दोन्ही तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी जेवणाआधी बघतो तर घसरणारं चक्क बंद. पंधरवडाही झाला नव्हता घेऊन! टकटकवालं मी शाम्पूच्या पाण्याने, मऊ ब्रशने पुसलं, वैशालीच्या दागिन्यांच्या एका मखमली डबीत ठेवलं आणि वैशालीला म्हटलं, "भाऊ आले तर ही डबी त्यांना दे. मी जरा येतो." बंद पडलेलं खिशात टाकलं, हो, किल्ल्यांबरोबर, आणि मेट्रोने करोल बाग गाठलं.

"खन्नाजी, दस दिन में बंद?" मी घड्याळ काउंटरवर ठेवलं. "मुझे दूसरा दीजिए।"

खन्नाजींनी ते उचललं, हलकेच दोनदा हलवलं. काटा पुन्हा घसरायला लागला. त्यांनी कानाला लावलं. भिंग लावलं. मग भिंग काढून माझ्याकडे पाहिलं आणि दुकानाचं काचेचं दार आतून ओढून घेतलं.

"साहब, ये हमारा माल नहीं है।"

बघा, म्हटलं, वॉरंटीची वेळ आली की सगळे असेच. "आपका ही है। यहीं से लिया, इसी काउंटर से।"

"मैं कह रहा हूँ ना, मेरा नहीं है। मेरा हो ही नहीं सकता।"

"मैं ग्राहक मंच में जाऊँगा।"

"जाइए। पर इसको जेब में डालके मत जाइए।"

अर्धा तास हे चाललं. मी त्यांना ओरडून सांगत होतो की तुमचा माल भिकार आहे आणि ते हात जोडून सांगत होते की इतका चांगला माल माझ्याकडे कधी नव्हताच. आज विचार करतो तेव्हा अंगावर काटा येतो. त्यांनी "ठीक आहे साहेब" म्हणून बावीसशेचं दुसरं माझ्या हातात ठेवलं असतं, तर मी आभार मानून घरी आलो असतो.

शेवटी मी माझं ठेवणीतलं वाक्य काढलं. "सत्ताईस साल से क्वालिटी में हूँ। नकली चीज़ पहचानता हूँ।"

खन्नाजी उठले, कोपऱ्यातल्या बेसिनवर साबण लावून हात धुतले, नव्या रुमालाला पुसले. काउंटरवर पांढरा कागद पसरला. "आइए, क्वालिटी साहब," म्हणाले, आणि एका अवजाराने घड्याळाची पाठ फिरवून उघडली. भिंग माझ्या डोळ्याला लावून दिलं.

आता इथे मला शब्द सापडत नाहीत, पण सांगायचा प्रयत्न करतो. आत एक नाजूक चाक इकडून तिकडे, तिकडून इकडे हलत होतं, झोपलेल्या बाळाची छाती हलते ना, तसं. त्याच्याखाली केसाहून बारीक स्प्रिंगची कमान उघडत होती, मिटत होती. सेल नाही, वायर नाही. खन्नाजींनी सांगितलं की हे हाताच्या हालचालीवर चालतं, म्हणून काढून ठेवलं की दोन दिवसांनी थांबतं, आणि दिवसाला चार-सहा सेकंद इकडेतिकडे होतंच. माझ्या नकलीत सेल होता. तो अचूकच असणार.

पण मी ते धड ऐकत नव्हतो. मी कडा बघत होतो. तांदळाच्या दाण्याहून लहान पट्टी, आणि तिची कडसुद्धा घासून आरशासारखी केलेली. जिथे कुणाची नजर जाणार नाही अशा बाजूला. हो, आमच्या कारखान्यात गिऱ्हाइकाला दिसते तेवढीच बाजू आम्ही पॉलिश करतो, बाकीची "चालतंय" म्हणून सोडतो. त्या "चालतंय"वर सत्तावीस वर्षं माझी सही आहे. आणि इथे कुणीतरी अंधारात राहणाऱ्या पट्टीच्या कडा घासत बसलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, भिंगामुळे असेल असं मी खन्नाजींना सांगितलं.

"चालीस साल में सात-आठ ही हाथ आई हैं," ते हळूच म्हणाले. "रोज़ नकल बेचता हूँ साहब। इसीलिए असली के सामने हाथ धोता हूँ।"

मी त्यांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. त्यांनी पाठ नीट बंद करून घड्याळ माझ्या मनगटावर स्वतः चढवलं. आणि तेव्हा मला डबी आठवली.

फोन लावला. वैशाली म्हणाली, "भाऊजी आले, डबी दिली, घातलं लगेच. मीही त्यांच्याबरोबर गुडगावला चाललेय, ताईंचा आग्रह आहे. तुम्ही तिकडेच जेवायला या."

करोल बाग ते गुडगाव मेट्रोने मी कसा गेलो ते माझं मला माहीत. ऑक्टोबरच्या उकाड्यात फुल शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढून, ते मनगट दुसऱ्या हाताने गच्च धरून. राजीव चौकच्या गर्दीत एका बाईंनी मला बसायला जागा दिली. हात मोडलाय असं वाटलं असणार त्यांना.

दार नंदूभाऊंनीच उघडलं, चेहरा नुसता फुललेला. "या, या! श्रीकांतराव, पूजेचा गुण बघा. आजवर हे रोज पाच-सहा सेकंद मागे पडायचं. मी मनाला समजवायचो की असतंच तसं. आज दुपारपासून सेकंदाचा फरक नाही!" आणि बावीसशे रुपयांचं मनगट माझ्या नाकासमोर धरलं.

मालिक भी धोखा खा जाए. खन्नाजी त्या बाबतीतही खरंच बोलले होते.

गप्प बसता आलं असतं का? मनात आलं, नाही कशाला म्हणू. पण ज्या माणसाने तीस वर्षं वाट पाहिली त्याच्या हातात सेल टकटकत ठेवून मला जेवण गेलं नसतं. सोफ्यावर बसलो, बाही वर केली आणि सगळं सांगितलं. दुबईचा भाऊ, खन्नाजी, किल्ल्यांचा खिसा, सगळं. नंदूभाऊंचा चेहरा आधी पांढरा पडला. मग त्यांनी माझ्या हातातलं घड्याळ काढून घेतलं, कानाला लावलं.

"मीसुद्धा ओळखलं नाही हो," म्हणाले. आणि मग हसायला लागले, म्हणून मला श्वास घेता आला.

वैशाली एवढा वेळ ताटं घेत होती. ती शांतपणे म्हणाली, "एवढं करोल बागेपर्यंत जाण्यापेक्षा मला विचारायचं. पाटावर गुलाब होता ना?"

"होता. निर्माल्यात टाकला मी."

"गुलाब एकच मिळाला होता. तो खऱ्याला वाहिला, तुमच्याला झेंडू."

 "म्हणजे तुला माहीत होतं? कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून." तिने माझ्यापुढे ताट ठेवलं. "घेताना भेंडी मोडून बघणारा माणूस तुम्ही. खरं असतं तर ते घालून कूलरची टाकी घासली असती का?"