सरलाबाई आणि परमिटची बाटली

सुरतेत डिंडोलीच्या त्या गल्लीत सरलाबाईचं नाव काढलं की पिणारे वाट बदलत. नवरा पंडित विषारी गावठी पिऊन गेला तेव्हा हेमराज रांगत होता. दिवस उरकले आणि ही बाई कपडे धुण्याचं धोपटणं घेऊन अड्ड्यावर गेली, एकेक मडकं फोडूनच परतली. पुढं पांडेसऱ्याच्या मिलमध्ये साड्यांच्या घड्या घालून तिनं पोराला वाढवलं.

त्या हेमराजला नव्या काचेच्या हॉटेलात नोकरी लागली. टाय लावून निघालेल्या पोराचं तिला कोण कौतुक! मग शेजारणीनं सांगितलं, हॉटेलात दारूचं दुकान निघालंय आणि हेमराज तिथंच काउंटरवर असतो.

"गुजरातमा दारूबंदी शे ना रे?" तिनं विचारलं.

"शे ना, माय. पण हॉटेलले सरकारनं परमिट शे. बाहेरना हिरास्ना वेपारी येतीन, ऱ्हातीन, धंदा वाढी. आपला पोरेस्ले काम भेटी."

"मंग तुना बापनी काय गुन्हा करा व्हता?"

"त्यास्नाकडे परमिट नव्हतं," हेमराज म्हणाला आणि खाली बघत बूट घालू लागला.

महिन्याभरानं शेजारच्या उखानं गल्लीच्या टोकाला चोरून गावठी विकायला सुरुवात केली. बायका सरलाबाईला बोलवायला आल्या. भर दुपारी ती धोपटणं घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. उखा पळाला नाही.

"फोड, मावशी. पण मंग हॉटेलमा जाईसन हेमराजन्या बाटल्या बी फोडशी का?"

बायका तिच्याकडे बघू लागल्या. सरलाबाईचा हात वर गेला तो तसाच राहिला. गावठीनं माणसं मरतात, हॉटेलातल्या दारूनं शहर वाढतं, असं काहीसं बोलायचं होतं. पण ते तिला स्वतःलाच पटेना. शेवटी तिनं दारातला गावठीचा कॅन लाथेनं उलटा केला आणि घरी आली.

संध्याकाळी उखाची बायको कुसुम रडत आली. "अड्डा गया, आते खावानं काय?"

सरलाबाईला दुसरं काही सुचलं नाही. तिनं हेमराजला गळ घातली आणि उखा हॉटेलात लागला, गाडीतून बाटल्यांची खोकी उतरवायला.

"तठली दारू पेस का तो?" तिनं पुढं एकदा कुसुमला विचारलं.

"नही वं मावशी. तठे झाकण उघडाले बी बंदी शे."

गल्ली कोरडी झाली म्हणून महिला मंडळानं सरलाबाईचा सत्कार ठेवला. शाल घातली, हातात माईक दिला. समोर पहिल्या रांगेत उखा हॉटेलच्या गणवेशात बसला होता.

"गल्लीत दारू राहिली नाही," ती म्हणाली. मग तिनं उखाच्या गणवेशाकडे बघितलं. "ती बंद झाली का नुसती दुसरीकडं गेली, ते मला विचारू नका. मला कळत नाही, बायांनो."

टाळ्या मात्र खूप वाजल्या.